बोअरच्या पाण्याला उटणंच बरं

साक्री तालुका बसाल्टच्या काळ्या खडकावर वसलाय, त्यामुळे इथल्या बऱ्याच विहिरी-बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा थर तयार करतं. बादलीच्या कडेला धरलेला तो चिकट, करडा पट्टा बघा. तोच थर अंगावरही राहतो. शिवाय साबणाचा सामू ९ ते १०, त्वचेचा ५ च्या आसपास. म्हणूनच उटणं फक्त दिवाळीच्या अभ्यंगापुरतं ठेवणं मला पटत नाही. चार वाट्या मसूर डाळीचं पीठ, वाटीभर वाळलेल्या संत्रासालीची पूड, अर्धी अर्धी वाटी नागरमोथा आणि कपूरकाचरी, चमचाभर आंबेहळद, सगळं वस्त्रगाळ करा. आधी कोमट तिळाचं तेल अंगात जिरवा, मग पाण्यात कालवलेलं उटणं चोळा. पीठ जादा तेल शोषतं आणि मळ त्याच्यासोबत सुटतो. केसांना रिठा घ्या, त्याचा फेस जड पाण्यातही टिकतो.

घरचं म्हणजे निर्धोक, असं मात्र नाही. उटण्यात लिंबू पिळून लगेच उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. कालवलेलं उटणं आंबतं. कोरडी पूडच विनारसायन टिकते, तेव्हा लागेल तेवढंच भिजवा. मोरी तुंबते हा आक्षेप खरा, पण त्याला साधी जाळी पुरते. रोज वेळ नसेल तर रविवारी करा. फक्त पहिल्यांदा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, खाज आली तर ते मिश्रण वापरूच नका.