रिकिबीतला घोटा

घोडेस्वारी नव्याने शिकणाऱ्याच्या मांड्या आधी भरून येतात, पण त्या लवकर सरावतात. घोट्यांचे दुखणे मात्र अनेकदा रेंगाळते, आणि त्यावर मिळणारा सल्ला बहुतेक ठिकाणी एकच असतो: टाच खाली दाब. आमचा पातूर-बाळापूरचा मुलूख एके काळी घोडदळांच्या वाटेवरचा. 1720 साली बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्क आणि आलम अली खान यांची लढाई झाली तेव्हा आलम अलीच्या बाजूने मराठी स्वार होते. आता इकडे घोडा दिसतो तो वरातीपुरता. तरी सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घोडा घेणारे आहेत आणि शहरांतल्या क्लबांत मांड पक्की करायला धडपडणारी मुलेही आहेत. त्यांच्यासाठी सांगायचे ते असे की, टाच दाबून खाली जात नसते. पोटरी सैल असेल तर ती आपसूक उतरते, आणि पोटरी सैल व बळकट करण्याचा मार्ग आपल्या अंगणात आहे.

टाच खाली हवी, हे खरेच. पायाचा चवडा रिकिबीवर आणि टाच त्याहून किंचित खाली असली की पाऊल रिकिबीतून आरपार घुसत नाही. घुसले आणि स्वार पडला तर घोडा त्याला फरफटत नेतो. शिवाय दुडक्या चालीत मिनिटाला साधारण दीडशे धक्के खालून येतात. ते खुबा, गुडघा आणि घोटा वाटून घेतात. घोटा आखडलेला असेल तर त्याच्या वाट्याचा धक्का गुडघ्याला आणि कमरेला जातो. पण स्वार जोर लावून टाच दाबू लागला की नडगीपुढचा स्नायू पावलाला वर ओढतो, मागची पोटरी त्याला विरोध करते, आणि दोघांच्या ओढाताणीत सांधा ताठ होतो. दुखणे येते ते या ताठरपणातून. रिकिबीचा पट्टा लांब असला तर आणखी वाईट, कारण रिकीब गाठायला स्वार चवडा खाली ताणतो आणि टाच वर जाते. म्हणून व्यायामाआधी पट्ट्याची लांबी तपासावी.

पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा आणि घोटा हे दोन्ही सांधे ओलांडतो. त्याच्या आतला सोलियस फक्त घोटा ओलांडतो. गुडघा वाकला की वरचा स्नायू सैल पडतो आणि सगळी ओढ सोलियसवर येते. घोड्यावर गुडघा कायम वाकलेला असतो. तेव्हा भिंतीला हात टेकून, पाय मागे सरळ ठेवून पोटरी ताणण्याचा जो व्यायाम सर्रास शिकवला जातो, तो मुख्यतः दुसऱ्याच स्नायूचा. स्वाराला हवा तो ताण गुडघा वाकवून घ्यावा लागतो, आणि तो सर्वांत सहज मिळतो उकिडवे बसण्यात. कपाशीत निंदण करणारी बाई दोन्ही टाचा जमिनीला टेकवून, खुरपे चालवत तशीच पुढे सरकते, तेव्हा तिचा घोटा खुर्चीवर बसणाऱ्याच्या घोट्याहून कितीतरी जास्त वाकतो. या सवयीची खूण हाडावरही उमटते: लाहोरला शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी 1893 मध्ये पंजाबी लोकांच्या नडगीच्या आणि घोट्याच्या हाडांवर उकिडवे बसण्याने तयार झालेल्या जादा सांधपृष्ठांची नोंद केली होती. खुर्ची आणि कमोड यांनी ही बैठक आपल्याकडून काढून घेतली आणि घोट्याची हालचाल त्याबरोबर आखडली.

यावर रास्त आक्षेप असा की उकिडवे बसून गुडघे झिजतात. बीजिंगमधल्या वृद्धांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसण्याचा संबंध गुडघ्याच्या संधिवाताशी दिसला, हे नाकारता येत नाही. पण तिथे प्रश्न रोज तासन्‌तास बसण्याचा होता. इथे दिवसातून दोन-तीन वेळा अर्धा-एक मिनिट पुरते. गुडघे दुखत असतील त्यांनी उकिडवे बसू नये. भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता पुढचा गुडघा भिंतीला टेकवावा. अंगठा भिंतीपासून सुमारे 10 सेंटिमीटरवर असताना गुडघा टेकला तर घोट्याची हालचाल साधारण ठीक समजावी. मात्र ताण मागे पोटरीत न येता सांध्याच्या पुढे टोचत असेल तर अडथळा हाडाचा किंवा सांध्याच्या आवरणाचा असू शकतो, आणि तिथे ताणून उपयोग नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ताणल्याने दुखापत टळते याला पुरावा कुठे आहे? ऑस्ट्रेलियातल्या 1,538 लष्करी जवानांवरचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की व्यायामाआधी ताणल्याने पायांच्या दुखापती लक्षणीय कमी झाल्या नाहीत. त्यामुळे खोगिरावर बसण्याआधी दोन मिनिटे पाय ताणले की झाले, हा समज सोडावा. हालचाल वाढते ती आठवड्यांच्या सरावाने, आणि तिच्या जोडीला ताकद लागते. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये टाचेच्या शिरेचे जुने दुखणे असलेल्या 15 हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायला लावले. गुडघा ताठ ठेवून आणि वाकवूनही, रोज, 12 आठवडे. सगळे पुन्हा धावू लागले. ते स्वार नव्हते आणि संख्याही लहान होती, तरी टाच वजनाखाली सावकाश उतरणे ही हालचाल तीच आहे जी रिकिबीत लागते. ओसरीची पायरी त्यासाठी पुरेशी आहे. आवर्तने हळूहळू वाढवावीत आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव त्यात मिसळावा, कारण मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळू नये यासाठी तोलाच्या व्यायामाचा उपयोग अभ्यासांत दिसून आला आहे.

पडल्यावर घोटा सुजला, हाडावर दाबले की कळ येते किंवा चार पावलेही टाकता येत नाहीत, अशा वेळी व्यायाम, मालिश, लेप सगळे बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढावा.