पळून थांबल्यावरची धाप
जानेवारीत जळगाव-धुळ्यात पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. अशा सकाळी धावताना ठणठणीत असलेला पोरगा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकू लागतो, छातीतून शिट्टी वाजते. मास्तर म्हणतात, ‘दमला!’

पण दमलेला श्वास लवकर जागेवर येतो. ही धाप मात्र आधी वाढत जाते. पळताना तोंडाने ओढलेली कोरडी, गार हवा श्वासनलिकांतला ओलावा शोषते. तिथल्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात.

म्हणून मैदान बंद? मुळीच नाही. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना हाच त्रास होता. त्यांनी ४१ पदके मिळवली.

डॉक्टरांनी सांगितलेला श्वासाचा पंप खेळाआधी साधारण १५ मिनिटे, मग सावकाश वॉर्मअप, आणि नाकातोंडावर रुमाल. खान्देशात रुमालाला कुठे तोटा आहे!