पासिंग द बक

आपल्याकडे आलेली जबाबदारी स्वतः न पत्करता दुसऱ्याकडे ढकलणे, या अर्थी रूढ असलेला अमेरिकन बोलभाषेतील वाक्प्रचार. मराठीतील ‘टोलवाटोलवी’ हा शब्द त्यास बराच जवळचा आहे.

या वाक्प्रचाराचे मूळ पोकर या पत्त्यांच्या जुगारात आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम भागात हा खेळ फार लोकप्रिय होता. पत्ते वाटणाऱ्यास लबाडीला वाव असल्याने ते काम आळीपाळीने केले जाई आणि पाळी कोणाची हे कळावे, म्हणून त्या खेळाडूपुढे खुणेची एखादी वस्तू ठेवीत. तिला ‘बक’ म्हणत. ज्यास पत्ते वाटावयाचे नसत, तो ती शेजाऱ्याकडे सरकवी. ‘बक’ म्हणजे नर हरिण. हरणाच्या शिंगाची मूठ असलेला चाकू खूण म्हणून वापरीत, त्यावरून हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते; तथापि ती निर्णायकपणे सिद्ध झालेली नाही. डॉलरला ‘बक’ म्हणण्याच्या प्रघाताचा संबंध बहुधा हरणाच्या कातड्यांच्या व्यापाराशी जोडला जातो.

मार्क ट्वेनच्या रफिंग इट (१८७२) या पुस्तकात नेव्हाडातील एक रांगडा गृहस्थ धर्मोपदेशकाचे पंडिती बोलणे न कळल्याने हीच पोकरची भाषा वापरतो. येथे हे शब्द जुगाराबाहेर आले असले, तरी त्यांत दोषारोप नाही. निंदाव्यंजक अर्थ विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. या अर्थांतराचे कारण सहज ध्यानात येते : खेळात बक पुढे देण्यास नियमाची संमती होती व तो फिरून पुन्हा त्याच खेळाडूकडे येई. कार्यालयात पुढे ढकललेले प्रकरण मात्र ढकलणाऱ्याकडे परत येतेच असे नाही. त्याचा भार बहुधा निर्णयाची वाट पाहणाऱ्यावर पडतो.

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासातही ही संज्ञा वापरतात. आक्रमक राष्ट्रास आवर घालण्याचा भार इतरांनी उचलावा, या अपेक्षेने स्वतः अलिप्त राहणे, असा तेथे तिचा अर्थ आहे. १९३०–३९ या दशकात नाझी जर्मनीबाबत ब्रिटन, फ्रान्स व सोव्हिएट रशिया यांनी अवलंबिलेले धोरण तिचे उदाहरण म्हणून दिले जाते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी एस्. ट्रूमन (कार. १९४५–५३) यांच्यामुळे या वाक्प्रचाराचे उलट रूप जगभर पोहोचले. ‘द बक स्टॉप्स हिअर’ (बक येथेच थांबतो) असे लिहिलेली पाटी त्यांच्या मेजावर असे. ती ओक्लाहोमा राज्यातील एल् रीनो येथील सुधारगृहात तयार झाली होती व ट्रूमन यांचे स्नेही फ्रेड कॅनफिल यांनी ती ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांच्याकडे पाठविली. १५ जानेवारी १९५३ रोजी केलेल्या निरोपाच्या भाषणातही, राष्ट्राध्यक्षास निर्णयाचा भार दुसऱ्या कोणावरही टाकता येत नाही, असे त्यांनी सांगितले. ही पाटी मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्स येथील ट्रूमन ग्रंथालयात जतन केली आहे.