जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर घरच्या घरी

काशीच्या दुर्गाघाटाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. अठराव्या शतकातील त्याच्या बांधणीशी पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव जोडले जाते. घाटामागच्या गल्ल्या मात्र इतक्या अरुंद आहेत की मोटार दारापर्यंत येऊच शकत नाही. मग येथील हौशी गृहस्थाने आपल्या जुन्या मोटारीची दुरुस्ती करावी तरी कशी? वाचकहो, मोटार घरी येत नसली तरी तिचा एखादा भाग पिशवीतून आणता येतो. कार्ब्युरेटर हा असाच एक भाग.

या छंदाला आज विशेष महत्त्व आले आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी बंद होऊन दोन दशके उलटली. उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. अस्सल सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींची स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. म्हणूनच जुना भाग फेकण्यापूर्वी तो सुधारता येईल का, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

कार्ब्युरेटरचे कार्य

इंजिनाला नुसते पेट्रोल चालत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १५ भाग हवा लागते. हे मिश्रण कार्ब्युरेटर तयार करतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तेथील दाब कमी होतो आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाते. आतल्या वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट राखतो. छिद्र तुंबले, फ्लोट गळू लागला किंवा गॅस्केट फाटले, की गाडी धक्के देते, नाही तर पेट्रोल पिते.

आधी सुरक्षितता

दाट वस्तीत अग्निशामक गाडीही दारापर्यंत येत नाही, हे विसरू नये. बॅटरीची तार काढून, कार्ब्युरेटरमधील पेट्रोल मोटारीपाशीच उघड्या हवेत धातूच्या डब्यात ओतावे. घरी आणावयाचा भाग कोरडा असावा. काम गच्चीवर करावे आणि जवळपास शेगडी, समई वा उदबत्ती पेटती नसावी. मुलांना दूर ठेवावे.

प्रत्यक्ष काम

भाग सोडवताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू परातीत क्रमाने मांडावेत. जेटवरील आकडा वहीत टिपून ठेवावा. सोलेक्स पद्धतीच्या जेटवर तो छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. म्हणजे ११५ या आकड्याचे छिद्र १.१५ मिलिमीटरचे. त्यात पोलादी तार कधीही घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. डोळ्यांवर चष्मा लावून सायकलच्या पंपाने हवा मारावी.

पितळी फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर तो गळका आहे. गरम पाण्यात बुडवताच बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. येथेच ते झाळण्याचा मोह होतो. पण आत वाफ उरली असल्यास स्फोट होऊ शकतो. शिवाय झाळाचे वजन वाढले, तर पातळी चुकते. हे काम जाणकाराकडे द्यावे, अथवा फ्लोट बदलावा.

गॅस्केट मूळ जाडीच्याच कागदाचे कापावे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरास मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्यावेत. थ्रॉटलचा दांडा भोकात डगमगत असेल, तर लेथवर नवी बुश बसवून घ्यावी. हे घरचे काम नव्हे.

पुन्हा जोडल्यावर आधी गळती तपासावी, मगच इंजिन सुरू करावे. ब्रेक आणि स्टिअरिंग यांवर मात्र घरी प्रयोग करू नयेत. तेथील चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

हातात घेण्याजोगे काय आणि कारखान्याकडे सोपवण्याजोगे काय, हे ओळखणे हाच या छंदाचा पहिला धडा होय. तो नीट शिकला, तर घरातील जुनी मोटार पुढच्या पिढीलाही चालवता येईल.