जुम्मा तलावाकाठची एम्प्रेस

जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणीसाठी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि तिथे भराव टाकायला सुरुवात केली, तेव्हा गावातल्या एका मारवाडी सावकाराने भांडवल द्यायला साफ नकार दिला. हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणतात की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झालेला आहे, पण सावकाराची शंका काही वेडी नव्हती. तेव्हा गिरणी म्हटलं की मुंबईच.

टाटांचा हिशेब वेगळा होता. हिंगणघाटचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि १८६७ पासून नागपूरला रेल्वे. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी निघाली. १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि 'एम्प्रेस' हे नाव चिकटलं. व्यवस्थापक नेमले बेझनजी दादाभाई मेहता. ते रेल्वेतून आलेले. कापडाचा अनुभव शून्य. हीच निवड सर्वांत शहाणपणाची ठरली.

सुरुवातीची यंत्रं स्वस्तातली होती, ती त्रास देऊ लागली. मग टाटांनी १८८०च्या दशकात रिंग फ्रेम आणून पाहिली. जुन्या म्यूलचा गाडा पुढे जाताना सूत ओढून पिळायचा आणि मागे येताना गुंडाळायचा. म्हणजे एका वेळी एकच काम. रिंगमध्ये चातीभोवतीच्या कड्यावर तारेचा एक चिमुकला तुकडा गरागरा फिरतो आणि पीळ व गुंडाळणी एका दमात होते. इंग्लंडात लँकेशायरचे मातब्बर कारखानदार अजून म्यूललाच धरून बसले होते. तेव्हा नागपूर त्यांच्या पुढे गेलं, याचं श्रेय आपण फारसं घेत नाही.

लँकेशायरवरून आठवलं, परदेशी कापड म्हटलं की आपण तिथल्या मँचेस्टरचं नाव घेतो, स्कॉटलंडचं विसरतो. ग्लासगोजवळच्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात 'टर्की रेड' नावाचा पक्का लाल रंग चढवलेलं सूत आणि मोर-हत्ती छापलेलं कापड खास हिंदुस्थानसाठी तयार व्हायचं. इकडे लाल रंग मिळे तो आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून. झाड तीनेक वर्षांचं झालं की खणायचं, मुळ्या कुटायच्या, तुरटी लावलेलं सूत त्या रंगात उकळायचं. बारीक मुळी सर्वांत सरस. तयार विलायती लाल सूत आलं, पाठोपाठ रसायनी रंग आले आणि ही सारी मेहनत कवडीमोल झाली.

एम्प्रेसचं सूत मात्र हातमागाला मारक आणि तारक, दोन्ही ठरलं. रेशीमकाठी लुगडी विणणाऱ्या कोष्ट्यांना गिरणीचं एकसारखं सूत सोयीचं पडलं. जाडंभरडं कापड विणणाऱ्या महार विणकरांचा धंदा मात्र बसला आणि त्यांच्यातले पुष्कळ जण त्याच गिरणीत कामाला लागले. रोख पगार हाती येऊ लागलेला हा कामगार पुढे नागपुरातल्या आंबेडकरी चळवळीचा मोठा आधार झाला. माझ्या मते गिरणीच्या ताळेबंदापेक्षा हा इतिहास मोठा आहे.

कामगार दांड्या फार मारत. बेझनजींनी दंडापेक्षा बक्षिसांवर भर दिला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. कायद्याने सक्ती होण्याच्या कितीतरी आधी. यात दयेइतकाच धंद्याचा हिशेब होता, आणि तो चुकला नाही.

१९८६ मध्ये टाटांनी हात काढून घेतला, गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. जागेवर मॉल उभा राहिला, त्याच्या नावात 'एम्प्रेस' टिकली. बेझनजींचं नाव उरलंय ते नागपुरातल्या इंदोरा भागाकडच्या कामगारवस्तीत, बेझनबागेत.