वर्ध्यात छापलेला राजस्थान

निवृत्तीनंतर मी जयपूरला राहतो. आजची गोष्ट इथली आहे आणि आपल्या विदर्भाचीही. १९२० साली ‘राजस्थान केसरी’ नावाचं हिंदी साप्ताहिक निघालं, ते वर्ध्यातून!

इतक्या दूरवरून का? तेव्हा राजपुतान्यात बहुतेक सगळी संस्थानंच. दरबाराविरुद्ध लिहिणारा छापखाना तिथे टिकणार कसा? मेवाडातल्या बिजोलियाचे शेतकरी ‘लागबाग’ म्हणजे नाना तऱ्हेच्या करांनी आणि बेगारीनं पिचले होते. अशा लागती ८४ होत्या, असं सांगतात. या शेतकऱ्यांचे नेते विजयसिंह पथिक साप्ताहिकाचे संपादक झाले. पैशाचं बळ दिलं जमनालाल बजाजांनी. ते वर्ध्याचे शेटजी, पण जन्म जयपूर संस्थानातल्या सीकरजवळचा. वर्धा ब्रिटिश मुलखात होतं, तिथे दरबाराचा हुकूम चालत नव्हता.

फौजेत आम्ही शिकलो, की खबर पोचली नाही तर चौकी एकटी पडते. बिजोलिया एकटं पडलं नाही, कारण कानपूरचा ‘प्रताप’ आणि वर्ध्याचं हे पत्र त्याची खबर देशभर नेत होते. १९२२मध्ये तडजोड झाली, बऱ्याच लागती माफ झाल्या. पुढे ती नीट पाळली गेली नाही आणि लढा लांबला, हेही खरं.

पथिकांनी नंतर अजमेरहून ‘नवीन राजस्थान’ काढलं. त्यावर बंदी आली, तर ते ‘तरुण राजस्थान’ नावानं निघू लागलं.

तेव्हा मंडळी, घरच्या माळ्यावर एखाद्या साप्ताहिकाचे जुने अंक सापडले, तर रद्दीत घालू नका. जय हिंद!