फटफटीचं मोल

"गाडी द्यायची आहे का?" कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात यामाहा आर-एक्स १०० घेऊन फिरणाऱ्याला हा प्रश्न सिग्नलवर, पेट्रोल पंपावर, अगदी लग्नाच्या मांडवाबाहेरही ऐकायला मिळतो. विचारणारा कित्येकदा पंचविशीचा असतो. ही गाडी बनायची थांबली तेव्हा त्याचा जन्मही झालेला नसतो. १९९६ मध्ये उत्पादन संपलेली, ९८ सीसीची, चार गिअरची, निव्वळ किकवर चालू होणारी ही मोटारसायकल आज चांगल्या अवस्थेत आणि स्वच्छ कागदपत्रांसह मिळाली तर लाखाच्या वर जाते. तेवढ्या पैशांत शोरूममधली कोरी गाडी येते. तिच्याच वयाच्या कितीतरी गाड्या मात्र केव्हाच किलोच्या भावानं गेल्या. एकाच काळातल्या दोन गाड्यांचं नशीब इतकं वेगळं कसं, या प्रश्नापायी मी वर्षानुवर्षं गॅरेजांच्या बाकड्यांवर बसत आलो आहे.

गाडीची किंमत कशी उतरते याचा अधिकृत तक्ता विम्याच्या कागदात असतो. शोरूममधून बाहेर पडताच सहा महिन्यांच्या आत पाच टक्के घट, वर्षापर्यंत पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता थांबतो. पुढचं मूल्य विमा कंपनीनं आणि मालकानं आपसांत ठरवायचं. जुन्या गाड्यांचा खरा बाजार इथून सुरू होतो आणि तिथं तक्ते चालत नाहीत. बहुतेक गाड्या उतरत उतरत भंगाराच्या भावाला टेकतात. काही एका पातळीवर येऊन तिथंच राहतात. अगदी थोड्या गाड्या तळाला जाऊन पुन्हा वर चढतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड बुलेट जुळू लागली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा आणि एस्कॉर्ट्सकडून राजदूत आली. पुढे जावाची येझदी झाली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. ऐंशीच्या दशकात जपानी शंभर सीसी आल्या : १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सनं आणलेली आर-एक्स, १९८६ मध्ये बजाजची कावासाकी. चौदा-पंधरा वर्षांनी पल्सर आली आणि पिढी बदलली. एवढं पुरे, कारण मला आर-एक्सच्या इंजिनाबद्दल बोलायचं आहे.

पन्नास मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि पिस्टनची धावही पन्नास मिलिमीटर. असं हे चौकोनी मापाचं टू-स्ट्रोक इंजिन. ताकद ११ हॉर्सपॉवर, गाडीचं वजन साधारण १०३ किलो. त्याच काळातली, जवळपास तेवढ्याच सीसीची फोर-स्ट्रोक सीडी १०० साडेसातच्या आसपास होती. हा फरक मुठीत कळतो. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा खाली येतो तेव्हा एकदा ताकद मिळते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला मिळते. शिवाय फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना स्वतःच त्या उघडतो, झाकतो. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पातळ पात्यांचा रीड व्हॉल्व्ह असतो, तो आत घेतलेलं मिश्रण परत फिरू देत नाही. एवढ्या कमी भागांत एवढं काम करणारं यंत्र मला आजही थक्क करतं.

आता सायलेन्सर. त्याला आवाज दाबणारी नळी समजून लोक जाळी काढतात, शेपूट कापतात आणि गाडी पळायला लागली असं मानतात. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. जळका धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडी असतानाच ताजं मिश्रण आत येत असतं आणि त्यातलं थोडं धुराबरोबर बाहेर निसटतं. सायलेन्सर पुढे फुगत जातो आणि मागे निमुळता होतो. त्या निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट उलटी फिरते आणि निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. मांडवाच्या दाराशी उभा राहून उठून चाललेल्या पाहुण्यांना परत पंगतीला बसवणाऱ्या यजमानासारखं तिचं काम. ही लाट ठरावीक गतीलाच वेळेवर पोचते, म्हणून आर-एक्स एका टप्प्यानंतर एकदम उसळते. तो विशिष्ट टणक आवाजही तिथलाच. सायलेन्सर कापला की लाटेची वेळ चुकते. आवाज वाढतो, ताकद घटते. म्हणून न कापलेला, मूळ कंपनीचा सायलेन्सर असलेल्या गाडीला जाणकार वेगळा भाव देतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गंजके, पोचे पडलेले सायलेन्सर बोटांनी वाजवून बघणारी माणसं मी पाहिली आहेत. आत कार्बन साचला असेल तर आवाज बद्द येतो. कार्बन कॉस्टिक सोड्यानं काढता येतो; कापलेली शेपूट परत जोडता येत नाही.

जिच्यामुळे ही गाडी लाडकी झाली, त्याच रचनेनं तिला संपवलं. जळण्याआधीच निसटणारं पेट्रोल आणि इंजिनात जळणारं टू-टी ऑइल, दोन्ही हवेत जातात. १९९६ आणि मग २००० च्या प्रदूषण मानकांपुढे ही रचना टिकणं कठीण होतं. नंतर पाच गिअरची आर-एक्स १३५ काही वर्षं राहिली, तीही गेली. पुन्हा तशी गाडी कोणी बनवू शकणार नाही, हे बाजाराला कळलं आणि भाव चढायला लागले.

भाव चढले तशी बनवाबनवीही आली. आर-एक्स जी किंवा १३५ ला शंभरच्या पट्ट्या आणि साइड पॅनल लावून ती आर-एक्स १०० म्हणून विकतात. चासी नंबर घासून नव्यानं ठोकलेला असतो. कारखान्याच्या ठशाची अक्षरं एका ओळीत, एका खोलीची असतात. हातानं ठोकलेली डगमगतात. विजेरी तिरकी धरून बघितलं की घासल्याची चमक दिसते. दुसरा प्रश्न विचारायचा तो बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा. सिलिंडर झिजला की तो घासून पाव-पाव मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. मापं संपली की नवा स्लीव्ह लागतो. स्टँडर्ड बोअरची गाडी सापडली तर भावात फार घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच मूळ रंगाचं. फिका पडलेला, ओरखडे असलेला कारखान्याचा रंग कालच मारलेल्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा, कारण नव्या रंगाखाली काय दडलं आहे ते कळत नाही.

जुनी गाडी टिकते ती सुट्या भागांवर आणि ते बसवणाऱ्या हातांवर. पुण्यात नाना पेठेच्या दुकानांत चौकशी केली की कोणत्या गाडीला भविष्य आहे ते तासाभरात समजतं : ज्या गाडीचं नाव घेताच दुकानदार मागच्या फळीकडे वळतो, ती ठेवावी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर मी तासन् तास उभा राहिलो आहे. ओतकामाची आणि लेथकामाची ही जुनी वस्ती. तिथं एका कारागिरानं येझदीच्या झिजलेल्या जुन्या बुशावरून माप घेऊन माझ्यासमोर नवा बुश कातून दिला. नकाशा नाही, पार्ट नंबर नाही. मायक्रोमीटर, अनुभव आणि पितळेचा तुकडा. त्याच्या मते बाजारात पार्ट नसणं ही अडचणच नव्हे. मूळ पार्ट फेकून देऊन गिऱ्हाईक रिकाम्या हातानं येतं, ती खरी अडचण. म्हणून गाडी जुनी झाली की तुटका भागही सांभाळून ठेवावा.

विकली न गेलेली गाडी पुढे मौल्यवान ठरल्याचं उदाहरण राजदूत ३५० चं. १९८३ मध्ये यामाहा आरडी ३५० या नावानं गाजलेली ही दोन सिलिंडरची, सहा गिअरची गाडी एस्कॉर्ट्सनं इथं आणली. हाय टॉर्क प्रकाराला ३०.५ हॉर्सपॉवर होते. पेट्रोल पिते म्हणून लोकांनी ती नाकारली आणि दशक संपता संपता ती बंद झाली. आज संग्राहक तिच्यासाठी रांग लावतात. उलट टोकाला १९९४ पासूनची स्प्लेंडर. तिला दुर्मिळपणा नाही, मिरवणूक नाही, पण तिचा पार्ट तालुक्याच्या प्रत्येक दुकानात आहे, म्हणून ती उतरत्या भावातही विकली जाते. रोजच्या वापराला जुनी गाडी हवी असेल तर मी न कचरता स्प्लेंडर घ्या म्हणेन.

किमतीचा निम्मा भाग कागदात असतो. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांवरच्या मोटारसायकलीला ते २,००० झालं. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला २०१० पासून पर्यावरण करही आहे, पाच वर्षांचे २,००० रुपये. वर तृतीय पक्ष विमा, पीयूसी आणि नवी उच्च सुरक्षा नंबर पाटी. हा खर्च पाच वर्षांत विभागला तर फार नाही. त्रास होतो तो मुदत टळून गेलेल्या गाडीचा, किंवा जिची नोंद जुन्या रजिस्टरातून संगणकावर आलीच नाही तिचा. 'एम'नं सुरू होणाऱ्या तीन अक्षरी जुन्या नंबरची, १९८९ आधीची गाडी घेताना "गाडी ऑनलाइन आहे का?" हा पहिला प्रश्न असायला हवा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'विंटेज' ही वेगळी नोंदणी दिली आहे, पण त्या रोज चालवता येत नाहीत. आणि आर-एक्सला तिथं पोचायला २०३५ उजाडेल.

विकणाऱ्यानंही सावध राहावं. सह्या करून टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलाचे कागद, हातात दिले की सुटलो, असं कित्येक जण धरून चालतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, अनेक हात बदललेल्या एका गाडीच्या अपघातात, भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मूळ मालकावरच टाकली. फॉर्म २९ आणि ३० स्वतः दाखल करा, नाव बदललं का ते पाहा, मगच निश्चिंत व्हा.

आता मुख्य प्रश्न : ठेवावी की विकावी? पैसा वाढेल म्हणून ठेवणार असाल तर विका. इंजिन बांधणी, क्रोम, रंग, टायर यांवर जाणारा पैसा धरला तर भाववाढीतून हाती फारसं उरत नाही. पंधरवड्यातून एकदा तरी चालवणार असाल, जवळ भरवशाचा मिस्त्री असेल आणि कागद चालू असतील, तर विकू नका. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. टाकीला आतून गंज चढतो, कार्ब्युरेटरचे जेट बुजतात, क्रँकची सील वाळतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असल्यामुळे ही काळजी वाढली आहे. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. महिनाभर गाडी काढणार नसाल तर कार्ब्युरेटर रिकामा करा आणि पेट्रोलच्या नळ्या नव्या घाला.

आणि ज्यांच्या परसात, गोठ्यात किंवा जिन्याखाली वडिलांची राजदूत, येझदी किंवा आर-एक्स ताडपत्रीखाली उभी आहे त्यांना एक विनंती. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कपाटातलं आरसी बुक शोधा. वडील हयात नसतील तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती घेऊन तो आरटीओत भरून टाका. नाव तुमचं झालं की ठेवायची की विकायची ते सावकाश ठरवा.